शिदोरीचे ओझे

प्रवासास निघणाऱ्याने शिदोरी किती बांधावी, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे. थोडी बांधावी तर वाटेत उपाशी राहण्याचा प्रसंग यावयाचा. भरपूर बांधावी तर तिच्याच ओझ्याने पाय जड व्हावयाचे. शिवाय जड ओझे वाहणाऱ्याला भूकही अधिक लागते. म्हणजे शिदोरीचा काही भाग केवळ शिदोरी वाहून नेण्यातच खर्ची पडतो. मराठी माणसाला हा हिशोब इतिहासाने चांगलाच शिकविला आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाची कोंडी केली, तेव्हा अवजड तोफखान्यासह चालणाऱ्या फौजेची गाठ मराठ्यांच्या सड्या घोडदळाशी पडली होती. पुढे १७६१ साली पानिपतावर नेमके उलटे घडले. बुणगे आणि यात्रेकरू यांचा भार सांभाळता सांभाळता छावणीतले अन्न संपले आणि लढणाऱ्याला उपाशी पोटी रणात उतरावे लागले. सडी फौज आणि बुणगे हे आपल्या भाषेतले दोन शब्द म्हणजे या प्रश्नाची दोन टोके होत.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो लढाईचा नाही, खेळाचा आहे. परंतु प्रश्न तोच आहे. हौशी मोटार-शर्यतीत उतरणाऱ्याने आपल्या गाडीच्या टाकीत पेट्रोल किती घ्यावे? पेट्रोल ही मोटारीची शिदोरी. तिच्यावाचून गाडी चालत नाही आणि तिच्याच वजनाने गाडी मंदावते. तिचा हिशोब ज्याला नीट करता आला त्याला एक पैसाही न खर्चता काही सेकंद मिळतात. ज्याचा चुकला त्याची सबंध शर्यत हातची जाते.

हा विषय मी बंगळूरहून मांडतो आहे, याला कारण आहे. यंत्र, वेग आणि वजन या तिघांचा विचार करण्याची या शहराला जुनी सवय आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईकरांनी या गाडीला टॅक्सी म्हणून ओळखले. दक्षिणेतील हौशी मंडळींनी तिलाच शर्यतीत उतरविले. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली निघाला. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक धावपट्टी होती. तिच्यावर या क्लबाच्या शर्यती कित्येक वर्षे भरत आणि बंगळूरची मंडळी तेथे जात. १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे बांधीव शर्यतमार्ग तयार झाला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही एकासनी गाडी घडविली आणि मध्यम ऐपतीच्या तरुणांनाही या खेळाचे दार उघडून दिले. बंगळूरच्या कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबची के-१००० ही रॅलीही याच परंपरेतली. आपल्या कोल्हापुरालाही या खेळाचे वेड आहे आणि तेथे गो-कार्टच्या शर्यतींसाठी मार्ग तयार झालेला आहे.

हौशी म्हणजे कोण, हेही सांगावयास हवे. ज्याचा चरितार्थ शर्यतीवर चालत नाही, उलट ज्याच्या चरितार्थातला काही भाग शर्यतीवर खर्च होतो, तो हौशी. त्याला नवे इंजिन परवडत नाही. हलक्या धातूची चाके घ्यावीत तर महिन्याचा पगार त्यात जावयाचा. पुष्कळदा ज्या गाडीने शर्यत करावयाची तिनेच सोमवारी कचेरीत जावयाचे असते. अशा माणसाला गाडीचे वजन कमी करण्याचे दोनच फुकटचे मार्ग उरतात. एक, स्वतः सडपातळ होणे; आणि दुसरा, टाकीत नको तेवढे पेट्रोल न भरणे. पहिल्या मार्गाला काही महिने लागतात. दुसऱ्याला सकाळचा एक तास आणि थोडे गणित पुरते.

प्रथम पेट्रोलचे वजन पाहू. एक लिटर पाणी एक किलो भरते. पेट्रोल त्याहून हलके आहे. ढोबळ मानाने एक लिटर पेट्रोल म्हणजे पाऊण किलो. हे प्रमाण ध्यानात ठेवणे सोपे आहे, परंतु लिटर आणि किलो यांची गल्लत करणे त्याहून सोपे आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ विमानात २२,३०० किलो इंधन हवे असताना घनफळाचे वजनात रूपांतर करण्यातील चुकीमुळे साधारण तेवढे पौंडच भरले गेले. एक किलो म्हणजे सव्वादोन पौंडांच्या आसपास. तेव्हा विमान निम्म्याहून कमी इंधनावर निघाले आणि आकाशातच त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथील एका जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरविता आले आणि प्रवाशांचे प्राण वाचले. मापाचा घोळ असा कोणालाही सोडत नाही. म्हणून हौशी स्पर्धकाने आरंभीच ठरवावे, की आपला हिशोब वजनात करावयाचा. उष्णतेने पेट्रोल फुगते. दर दहा अंशांमागे त्याचे घनफळ सुमारे एक टक्क्याने वाढते. काट्यावरचे वजन मात्र सकाळी आणि दुपारी सारखेच राहते.

पद्मिनीच्या टाकीत सुमारे ३८ लिटर पेट्रोल मावते. म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी साडेअठ्ठावीस किलोंची झाली. आठ-नऊ वर्षांचे एखादे मूल मागे बसवून शर्यत करावी, तसे हे आहे. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे ९०० किलो. चालक ७० किलोंचा धरला तर एकूण वजनात पेट्रोलचा वाटा जवळजवळ तीन टक्के होतो. तीन टक्के ही रक्कम फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या खेळात पहिला आणि तिसरा यांच्यात एका सेकंदाचेही अंतर नसते, तेथे तीन टक्क्यांना पुष्कळ किंमत येते.

ही किंमत नेमकी कशी पडते, ते पाहण्यासारखे आहे. उभी गाडी जोराने पुढे न्यावयाची असेल तर इंजिनाची शक्ती गाडीच्या वजनावर खर्च होते. वजन अधिक तर वेग धरण्यास विलंब अधिक. मात्र हा विलंब वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. इंजिनाची शक्ती कायम धरली तर ठरावीक अंतर कापण्यास लागणारा वेळ हा वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. वजन आठपट केले तर वेळ दुप्पट होतो. छोट्या फरकांपुरते याचे सोपे रूप असे, की वजन तीन टक्क्यांनी घटविले तर वेळ एक टक्क्याने घटतो. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर चारशे मीटरच्या सरळ शर्यती झालेल्या आहेत. तेवढे अंतर एखादी गाडी २० सेकंदांत कापत असेल, तर भरलेली टाकी आणि जवळजवळ रिकामी टाकी यांत एक पंचमांश सेकंदाचा फरक पडेल. तो कानाला आणि डोळ्याला कळणारही नाही. परंतु शर्यतीच्या शेवटी गाडी सेकंदाला तीस मीटरच्या आसपास धावत असते. तेव्हा एक पंचमांश सेकंद म्हणजे सुमारे सहा मीटर. पद्मिनीची लांबी चार मीटरही नाही. म्हणजे नुसत्या पेट्रोलाने एका गाडीहून अधिक अंतर दिले किंवा घेतले.

सपाट रस्त्यावरील कमाल वेगावर मात्र या वजनाचा परिणाम फारच थोडा होतो. त्या वेगाला इंजिनाची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही कर्तव्य नसते. चढावर वजन पुन्हा आपला हक्क सांगते, कारण प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. वळणावर आणि ब्रेक लावताना गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. भार वाढला की टायरची रस्त्यावरील पकड वाढते, म्हणून वजनाने काही बिघडू नये, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पकड भाराच्या पूर्ण प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे राहते. आणि त्या मागे राहण्यातच जड गाडीचे नुकसान असते. शिवाय गाडी थांबविताना तिची सर्व गतिज ऊर्जा ब्रेकांमध्ये उष्णता होऊन उतरते. वजन जितके अधिक तितके ब्रेक अधिक तापतात, आणि हौशी स्पर्धकाचे ब्रेक बहुधा बाजारात जाण्यायेण्यासाठीच घडविलेले असतात.

वजन किती, याबरोबरच ते कोठे आहे, हेही पाहावे लागते. पुष्कळशा साध्या गाड्यांत टाकी मागील बाजूस असते. ती भरलेली असता मागील चाकांवर भार अधिक पडतो. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात तसा तो ओसरतो आणि गाडीचा स्वभाव पालटत जातो. आरंभी जे वळण गाडीने मुकाट्याने घेतले तेच शेवटच्या फेरीत ती निराळ्या तऱ्हेने घेते. अनुभवी चालक हा पालट आधीच जाणून असतो. नवख्याला तो गाडीचा लहरीपणा वाटतो. गो-कार्टमध्ये टाकी चालकाच्या पायांमध्ये, म्हणजे जवळजवळ मध्यभागी असते. त्यामुळे तेथे हा दोष कमी. परंतु कार्ट आणि चालक मिळून दीडशे-पावणेदोनशे किलोच असल्याने पाच लिटर पेट्रोलदेखील तेथे दोन टक्क्यांहून अधिक ठरते.

टाकी अगदीच रिकामी ठेवण्याचा मोह येथेच आवरावयास हवा. पेट्रोल हे द्रव आहे. वळणावर ते टाकीच्या एका कुशीला धावते. पातळी खाली गेलेली असेल तर अशा वेळी नळीचे तोंड उघडे पडते, पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो आणि ऐन वळण संपवून वेग धरण्याच्या क्षणी इंजिन आचके देऊ लागते. खास शर्यतीच्या गाड्यांत टाकीमध्ये आडवे पत्रे किंवा स्पंजासारखा पदार्थ भरून ही खळबळ आवरतात. साध्या गाडीत ती सोय नसते. म्हणून टाकीच्या तळाचे काही लिटर हे असूनही नसल्यासारखे समजावे लागतात. सरकारी अंदाजपत्रकात काही रकमा खर्चासाठी नसून शिलकीतच ठेवावयाच्या असतात, तसा हा तळाचा साठा आहे.

आता प्रत्यक्ष हिशोब मांडू. इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे. समजा, आठ फेऱ्यांची शर्यत आहे आणि शर्यतीच्या वेगात आपली गाडी लिटरमागे चार किलोमीटर जाते. रस्त्यावर हीच गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल; परंतु शर्यतीत पाय सतत दाबलेला असतो, तेव्हा रस्त्यावरील आकडा येथे कामाचा नाही. आठ फेऱ्या म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर. त्याला साडेसात लिटर. आरंभरेषेपर्यंत जाण्याची एक फेरी आणि शर्यतीनंतर परतण्याची एक, या दोन्ही सावकाशीच्या. त्यांना दीड लिटर. तळाचे न उपसणारे तीन लिटर. बेरीज बारा. त्यावर चुकभूल म्हणून दीड लिटर. एकूण साडेतेरा लिटर. भरलेल्या टाकीत ३८ लिटर असतात. म्हणजे साडेचोवीस लिटर, अर्थात अठरा किलोंहून अधिक वजन, निव्वळ बुणग्यांचे आहे.

हे बुणगे खाली उतरविले तर लाभ किती? आतील सामान काढलेली गाडी चालकासह ८५० किलोंची धरली, तर हे वजन दोन टक्क्यांहून थोडे अधिक आहे. वळणे आणि ब्रेक धरून फेरीच्या वेळेत सुमारे अर्ध्या टक्क्याची बचत व्हावी. दोन मिनिटांच्या फेरीत ती अर्ध्या सेकंदाहून थोडी अधिक होते आणि आठ फेऱ्यांत चार-पाच सेकंदांवर जाते. त्या वेगाला पाच सेकंद म्हणजे दीडशे मीटर. हे गणित ढोबळ आहे, परंतु त्याचा सूर खरा आहे. जागतिक फॉर्म्युला वनमध्येही दहा किलो इंधनामागे फेरीला सुमारे तीन दशांश सेकंद, असाच अंदाज धरतात. दीडशे मीटरचे हे अंतर विकत घ्यावयाचे म्हटले तर इंजिनाच्या कामावर हौशी माणसाला कितीतरी खर्च करावा लागेल.

येथे एक दुसरे गणितही मांडले पाहिजे, कारण पहिल्याने चढलेली धुंदी तेच उतरविते. एखाद्या महत्त्वाकांक्षी तरुणाने म्हणावे, की चोवीस लिटर काढून पाच सेकंद मिळाले, तर चुकभुलीचे दीड आणि वर अर्धे असे आणखी दोन लिटर का काढू नयेत? दोन लिटर म्हणजे दीड किलो. त्याने आठ फेऱ्यांच्या सबंध शर्यतीत अर्धा सेकंददेखील मिळत नाही. आणि ते दोन लिटर कमी पडले तर गाडी शेवटच्या फेरीत उभी राहते. मग वर्षभराची तयारी, प्रवास, प्रवेशशुल्क, मित्रांनी गाडीखाली जागविलेल्या रात्री, सर्व व्यर्थ. अर्धा सेकंद हा विम्याचा हप्ता समजावा. इतक्या स्वस्त हप्त्यावर इतके मोठे संरक्षण दुसरीकडे क्वचितच मिळेल. तेव्हा बुणगे उतरवावेत, पण शिपायाची भाकरी काढून घेऊ नये.

बंगळूरच्या स्पर्धकाला ही सावधगिरी दुसऱ्यांपेक्षा अधिक हवी. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. येथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो. इंजिन जेवढी हवा घेते तेवढ्या प्रमाणात पेट्रोल जाळते. येथे सराव करून मोजलेला खर्च घेऊन स्पर्धक घाट उतरून सुमारे तीनशे किलोमीटरवरील इरुंगट्टुकोट्टईस जातो. तेथे हवा दाट, इंजिनाला जोर अधिक आणि पेट्रोलचा खपही अधिक. चेन्नईच्या उन्हाने हा फरक थोडा कमी होतो, नाहीसा होत नाही. खप नऊ टक्क्यांनी वाढला असे धरले, तर साडेसात लिटरच्या जागी आठ लिटरहून थोडे अधिक लागेल. फरक पाऊण लिटरच्या आतला. परंतु एका फेरीला एक लिटरही लागत नाही, हे विसरू नये. ज्याने चुकभूल धरलेली नाही त्याची गाडी अंतिम रेषेच्या अलीकडे पाऊण फेरीवर थांबेल, आणि कारण शोधताना तो पंप उघडून बसेल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत आणखी एक धोका आहे. बंगळूरच्या हवेला जुळविलेला जेट खाली उतरल्यावर अपुरा पडतो, मिश्रण कोरडे होते आणि इंजिन तापते. जेट मोठा केला की खप पुन्हा वाढतो. अलीकडे देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या वह्यांतील आकडे तसेच उतरून घेणे आता सुरक्षित नाही.

हा हिशोब केवळ नवख्यांचाच चुकतो, असे कोणी समजू नये. १९८५ साली इटलीतील इमोला येथे फॉर्म्युला वनची सान मारिनो शर्यत झाली. त्या वर्षी प्रत्येक गाडीला सबंध शर्यतीसाठी २२० लिटरच इंधन मिळे आणि मध्ये भरण्यास बंदी होती. शर्यत संपण्यास मोजक्या फेऱ्या उरल्या असता आघाडीवरील आयर्टन सेनाचे इंधन संपले. मागचा स्टीफन योहानसन पुढे आला. थोड्याच वेळात त्याचेही संपले. अखेर ॲलन प्रोस्टने रेषा ओलांडली. परंतु शर्यतीनंतर त्याची गाडी काट्यावर चढविली तेव्हा ती किमान वजनाहून दोन किलो कमी भरली आणि तो बाद झाला. विजयाचा मान एलिओ डी अँजेलिस यास मिळाला. एकाच दुपारी दोघे शिदोरी संपल्याने आणि तिसरा अति हलका झाल्याने हरला. २०२१ साली हंगेरीत सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला. तपासणीसाठी टाकीतून एक लिटर इंधन निघणे आवश्यक होते, ते केवळ ०.३ लिटर निघाले, आणि त्याचे दुसरे स्थान गेले. आपल्याकडील हौशी स्पर्धकानेही नियमपुस्तक या दृष्टीने वाचावे. अनेक वर्गांत किमान वजन ठरलेले असते. आपली गाडी आधीच त्या मर्यादेवर असेल, तर पेट्रोल काढून मिळविलेला हलकेपणा शर्यतीनंतरच्या काट्यावर अंगाशी येतो.

मग करावे काय? उत्तर साधे आहे आणि कंटाळवाणे आहे: मोजावे. डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबू नये. तो गृहस्थाला पंप जवळ करण्याची आठवण देण्यापुरता असतो. सराव सुरू होण्यापूर्वी टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरावी, मोजक्या फेऱ्या माराव्यात आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत येण्यास किती पेट्रोल लागले ते वजनाने पाहावे. दोनतीनदा केले की सरासरी हाती येते. त्या दिवशीची हवा, ठिकाण आणि इंधन यांची नोंद शेजारी असावी. पेट्रोल काढताना मात्र घाई करू नये. नळी तोंडाने ओढण्याची सवय घातक आहे. त्यासाठी हातपंप मिळतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत साचते आणि दूरच्या ठिणगीलाही पोहोचते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा निर्धोक, हा समजही खोटा आहे. तिच्यात वाफ आणि हवा यांचे जे मिश्रण असते तेच अधिक भडक्याचे. उघडी जागा, बंद इंजिन, झाकणाचा धातूचा डबा आणि हाताशी अग्निशामक, एवढे असल्याशिवाय या कामाला हात घालू नये. आणि हा सगळा खटाटोप शर्यतीपुरताच आहे, हेही सांगून ठेवतो. घरच्या गाडीत दहा लिटर कमी ठेवून काही लाभ होत नाही. फक्त पंपावर फेऱ्या वाढतात.

मोजण्याची ही विद्या आता शिक्षणातही आली आहे. बंगळूरच्या आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा अश्व रेसिंग हा विद्यार्थ्यांचा संघ स्वतःच्या हाताने एकासनी गाडी बांधून स्पर्धांत उतरतो. या विद्यार्थी-स्पर्धांत सुमारे २२ किलोमीटरची एक दीर्घ परीक्षा असते आणि तिच्यात वेळेबरोबर खर्चलेल्या ऊर्जेलाही गुण असतात. तेथे हलकेपणाचे फळ दोनदा मिळते: गाडी लवकर पोहोचते आणि कमी खाऊन पोहोचते. मुंबईच्या आय. आय. टी.चा संघ तर विजेवरची गाडी बांधतो. विजेच्या गाडीत आपला आजचा प्रश्न निराळे रूप घेतो. बॅटरी रिकामी झाली तरी हलकी होत नाही. पहिल्या फेरीचे ओझे शेवटच्या फेरीतही तेवढेच असते. तेथे शिदोरी किती भरावी हे शर्यतीच्या सकाळी ठरत नाही, गाडीचा आराखडा काढतानाच ठरते.

याच शहरात इस्रोचे मुख्यालय आहे. पी. एस. एल. व्ही. हे अग्निबाण उड्डाणाच्या वेळी सुमारे ३२० टन वजनाचे असते आणि ध्रुवीय कक्षेत ते पावणेदोन टनांचा उपग्रह नेऊन ठेवते. उरलेले बहुतेक सर्व इंधन आणि इंधनाचीच पात्रे. शिदोरी वाहण्यासाठी शिदोरी, आणि तिच्यासाठी आणखी शिदोरी, अशी ती चढती माळ आहे. मोटार-शर्यतीतील हौशी तरुणाचे साडेतेरा लिटर त्यापुढे क्षुल्लक वाटतील. परंतु विचाराची शिस्त एकच आहे.

माझा व्यवसाय सरकारी कामाचा, आणि त्यात तरतुदीशी रोजचा संबंध. अनुदान अपुरे पडले तर काम अडते. ३१ मार्चला ते खर्चावाचून उरले तर मागणी फुगवून केली होती, असा ठपका येतो. म्हणून चांगला अधिकारी मागणी करण्यापूर्वी मागील वर्षांचा खर्च काढून पाहतो, यंदा परिस्थितीत काय बदलले ते टिपतो आणि अनपेक्षितासाठी थोडे हाती ठेवतो. हौशी स्पर्धकाला मी याहून वेगळे काही सांगत नाही. टाकी भरून निघणारा आणि टाकी कोरडी करून निघणारा, दोघेही एकाच गोष्टीचा कंटाळा करतात, आणि ती म्हणजे मोजण्याचा. या खेळात पुष्कळशा गोष्टी पैशाने मिळतात आणि त्या ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच मिळतात. वही, पेन्सिल आणि वजनाचा काटा मात्र सर्वांपाशी असतो. त्यांच्या आधारे साध्या गाडीतल्या साध्या माणसालाही सड्या स्वारीने निघता येईल, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्याची भाकरी पुरेल.